पहिलं पाणी बेडकाला

आधीच सांगते. माझं ऱ्हस्व-दीर्घ कधी बरोबर येत नाही, आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी मलाच अडखळत वाचावं लागतं. चौथी झाल्यावर पेन हातात आला तो फक्त अंगठा लावावा लागू नये म्हणून, सहीपुरता. हे कोणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घाला. माझ्या धाकट्या बहिणीला, विमलला, आमच्यासोबत भिलाईला यायचं होतं. पण ती ओसरीवरून घसरली आणि तिच्या पायाला प्लास्टर बसलं. तिला सगळं पहिल्यापासून ऐकायचं आहे. फोनवर सांगावं तर घरात भासरे असतात, म्हणजे माझ्या मालकांचे मोठे भाऊ. मालक गेल्यापासून घरातला मोठा शब्द त्यांचाच, आणि त्यांच्यासमोर माझ्या तोंडून आवाज निघत नाही. म्हणून लिहून ठेवते.

तिरोड्याहून निघालो

आम्ही तिघं निघालो, भासरे, माझा मुलगा प्रशिक आणि मी. प्रशिक गोंदियाला रेल्वेत टेक्निशियन आहे. त्याच्यासाठी भिलाईची मुलगी पाहायची होती. करुणा नाव, नर्स आहे, वडील तिथल्या पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेले. भासऱ्यांना वाटतं की स्थळ त्यांनी शोधलं. खरं म्हणजे प्रशिक आणि ती कितीतरी महिन्यांपासून फोनवर बोलत होते, आणि प्रशिकनेच एका ओळखीच्या माणसाकडून ते स्थळ भासऱ्यांच्या कानावर घातलं होतं. हे मला माहीत होतं. मी बोलत नाही, त्यामुळे घरातल्या सगळ्या गोष्टी माझ्याकडे सुरक्षित राहतात.

गाडीत सांगण्यासारखं काही घडलं नाही. दरेकसाच्या बोगद्यात अंधार झाला तेवढ्यात भासऱ्यांनी खर्रा तोंडात टाकला. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला आमच्या विदर्भाचा मेवा. दिवसभराचा साठा त्यांनी खिशात घेतला होता. मी केसांना चमेलीचं तेल लावलं होतं, चांगलं चोपडून. मुलगी पाहायला जाताना सासूही नीट दिसावी असं मला वाटलं.

भिलाई नगर स्टेशनवर उतरलो. ऑटोवाल्याने विचारलं, "कहाँ जाना हे?" भासऱ्यांनी कागदावरचा पूर्ण पत्ता वाचून दाखवला. तो म्हणाला, "रिसाली बोल देते, हो जाता." सगळ्या रस्त्याने भासरे प्रशिकला सांगत होते की मुलीकडच्यांसमोर कसं बसायचं, कमी खायचं, आणि चहाला नाही म्हणायचं नाही.

चहाला नाही म्हणायचं नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं. पुढे ते विसरले, मी नाही.

रिसाली

मेश्रामजींचं, म्हणजे मुलीच्या वडिलांचं, घर नवीन बांधलेलं, दोन खोल्या खाली आणि एक वर. फाटक उघडलं तर अंगणातच शेगडी मांडलेली, आणि मुलीची आई शीलाबाई उन्हात डोक्याला पदर बांधून मटणाला फोडणी देत होती. मला वाटलं गॅस संपला असेल.

"जय भीम! या, या," म्हणत मेश्रामजी पुढे आले. उंच, बारीक, बोटं लांब. त्यांनी भासऱ्यांना मिठी मारली आणि मिठीतच हुंगलं.

"खर्रा आहे का भाऊ?"

भासऱ्यांना बरं वाटलं. त्यांनी पुडी पुढे केली. "घ्या ना, ताजा आहे."

"घ्याले नाही. तिथं कंपाउंडवर ठेवून द्या. घरात नका आणू, हात जोडतो." मग ते माझ्याकडे वळले आणि जरा लाजून म्हणाले, "ताई, चमेली लावली का?"

जन्मात कोणा परपुरुषाने मला तेलाबद्दल विचारलं नव्हतं. मी मान खाली घातली. शीलाबाई शेगडीवरूनच ओरडल्या, "पाहुण्याले तरी सोडा! माफ करा हो बाई. यांच्या चहाले वास लागते म्हणतात. माही फोडणी अंगणात काढली, घरातली अगरबत्ती बंद केली. उन्हाळ्यात कूलर चहाच्या खोलीच्या दाराशी, आन् आम्ही माणसं पंख्याखाली. त्याले हवा कोरडी चालत नाही म्हणे. आम्हाले चालते!"

करुणाने मला एक धुतलेला स्कार्फ आणून दिला. तो डोक्याला बांधून मी आत गेले. मुलगी दाखवायचा कार्यक्रम, आणि डोकं झाकून मीच बसले नवरीसारखी.

समोरच्या भिंतीला एक फळी होती. तिच्यावर कागदात गुंडाळलेल्या गोल चकत्या उभ्या ठेवलेल्या, आणि खाली दोन मातीचे रांजण, तोंडाला सुती कापड बांधलेले, त्यांतही चकत्याच. एका चकतीचा कागद उघडा होता. मी वाकून पाहिलं. विमल, तुला शपथेवर सांगते, गोवरी होती. काळपट, थापलेली, काडीकचऱ्यासकट. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी या माणसाने गोवऱ्या कशाला मांडल्या, मला काही कळेना.

"हा चीनचा चहा आहे," मेश्रामजी म्हणाले. "पत्ती मुरवतात, दाबतात, मंग सालोसाल ठेवतात. नवा असला का कडू लागते, जुना झाला का गोड. आपला जुना तांदूळ कसा? तसा. याले हवा पाहिजे पन वारा नको. ओल पाहिजे पन पानी नको. आन् दुसऱ्याचा वास तर बिलकुल नको."

"मंग याले पाहिजे तरी काय?" भासऱ्यांनी विचारलं. खर्रा बाहेर राहिल्यामुळे त्यांचा आवाज आधीच चढला होता.

"सबर," मेश्रामजी म्हणाले.

त्यांनी पोतं शिवायचा दाभण घेतला, चकतीच्या कडेतून हळूच घुसवला आणि पत्तीचा एक पापुद्रा सोडवला. चुरा होऊ द्यायचा नाही, पान मोडलं की चहा कडू होतो म्हणे. पापुद्रा झाकणाच्या एका लहान भांड्यात टाकला आणि वरून खळखळतं पाणी. आम्ही दूध आणि साखर कधी येते याची वाट पाहत होतो. तेवढ्यात त्यांनी तो चहा गाळला आणि ताटातल्या एका मातीच्या बेडकाच्या डोक्यावर सगळा ओतून दिला.

बेडूक वाफाळत होता.

"पहिलं पानी प्यायचं नसते," मेश्रामजी म्हणाले. "पत्ती धुवायची असते. चीनमध्ये ते असं बेडकावर ओततात."

"पाहुण्याच्या आधी बेडकाले?" भासरे म्हणाले.

मग त्याच पत्तीवर पुन्हा पाणी घालून लहान लहान कपांत चहा आला. कप एवढे की आमच्याकडे बाळाला औषध याहून मोठ्यात देतात. चहा लालकाळा, पिऊन पाहिला तर बंद गोदामात नव्या पोत्यावर पाणी सांडल्यासारखा. पण ताटात, कपात टाकायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मी कप रिकामा केला. मेश्रामजींनी तो लगेच भरला.

मी परत रिकामा केला. त्यांनी परत भरला.

"तीच पत्ती?" भासऱ्यांनी विचारलं.

"तीच. आता कुठं उघडून राहिली ते. सात-आठ पान्यानंतर पाहा."

भासऱ्यांनी प्रशिककडे वळून आवाज दाबला, पण त्यांचा दाबलेला आवाज फाटकापर्यंत जातो. "आपल्या घरी मीटर पाहाले येते त्या मानसाले बी आपन नवी पत्ती टाकतो. इथं लग्नाच्या बोलीले उकळलेल्यावर उकळून राहिले."

मेश्रामजींना ऐकू गेलं नाही, कारण ते माझ्याकडे पाहत होते. भासऱ्यांनी एक घोट घेऊन कप बाजूला सारला होता, प्रशिकचा थंड झाला होता, आणि मी एकटी कप संपवत होते. मला वाटत होतं, मी संपवला की ते थांबतील. त्यांना वाटत होतं, मला अजून पाहिजे. किती झाले ते मी मोजणं सोडून दिलं. पोटात पाणी हलू लागलं, आणि परक्या घरी संडास कुठे हे विचारायची लाज. मेश्रामजींचे डोळे भरून आले.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोनी मन लावून पिलं," ते म्हणाले. "इहीनबाई, तुम्हाले याची समज आहे." इहीन म्हणजे विहीण.

"अजून इहीन झाली नाही ते," भासरे म्हणाले.

शेवटी करुणा माझ्याजवळ वाकली आणि कानात म्हणाली, "मावशी, कप भरलेलाच ठेवा. मग बाबा नाही ओतणार. आणि बाथरूम मागे उजवीकडे आहे." त्याच क्षणी मी मनात ठरवलं की सून करायची तर हीच.

पण जेवणानंतर भासऱ्यांनी तारखेचा विषय काढला आणि करुणा सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बडे पापा, मला मुलगा पसंत आहे. पण तारीख आत्ता नाही. बाबांनी माझ्या पगाराचे साठवलेले पैसे घेतलेत, या चहासाठी. ते सगळे परत येईपर्यंत मी लग्नाला उभी राहणार नाही."

"अरे, आम्हाले काही मागायचंच नाही तुमच्याकडून," भासरे म्हणाले.

"तुम्हाला नाही. मला पाहिजे."

"मंग बाई, आम्हाले दुसरे स्थळं बी आहेत," भासरे उठले. पण उठून जाणार कुठे? चहाच्या पाण्यामागून पाणी होता होता परतीची गाडी निघून गेली होती.

मुक्काम पडला. सकाळी सगळ्यांचे डोळे लाल. त्या चहाने आणि त्या बोलण्याने कोणालाच झोप लागली नव्हती, मेश्रामजी सोडून.

सेक्टर 10

सकाळी भासरे प्रशिकला घेऊन हुडकोच्या बाजाराकडे गेले. कंपाउंडवरची पुडी ओली झाली होती, आणि खर्रा मिळाल्याशिवाय पुढचं काही बोलणार नाही असं त्यांनी सांगून टाकलं होतं. करुणाने मला स्कुटीवर बसवलं. मी याआधी कधी बाईच्या मागे गाडीवर बसले नव्हते.

"मावशी, मला नका धरू, मागचा दांडा धरा. मला गुदगुल्या होतात."

तिने मला सेक्टर 10 दाखवला. रस्ते असे सरळ की जणू सुतळी लावून आखलेत. दोन्ही बाजूंना मोठाली झाडं, आणि क्वार्टर सगळे एकाच साच्यातले. आमच्या तिरोड्यात घर सांगायचं तर आधी चक्की, मग कडुनिंब, मग कोणाचं तरी भांडण सांगावं लागतं. इथे नुसता नंबर सांगितला की झालं. एका क्वार्टरपुढे ती थांबली. ती तिथे मोठी झाली. आता तिथे दुसऱ्या कोणाच्या लेकरांचे कपडे वाळत होते.

"प्लांटमध्ये मशीन बसवायला चीनचा एक इंजिनियर आला होता," ती म्हणाली. "बाबांच्या शिफ्टला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दिवसभर हातवारे, आणि मध्ये मध्ये हा चहा. तो गेला आणि बाबा एकदम गुमसुम झाले. मग कलकत्त्याचा एक दुकानदार फोनवर सापडला. बस, तेव्हापासून सुरू."

ती पुढे बोलत राहिली. माझ्यासमोर माणसं बोलतात, कारण मी मध्ये तोंड घालत नाही.

"माझे पैसे दोन महिन्यांसाठी म्हणून घेतले होते, दोन साल झाले. म्हणतात, चहा जुना झाला की भाव वाढतो, मग विकून देतो. भाव वाढला, पण विकत नाहीत. लग्नानंतर मी मागितले तर लोक म्हणतील सासरच्यांनी शिकवलं. नाही मागितले, तर आई त्यांना जन्मभर ऐकवेल. मले माहेरी बाबाले भेटाले यायचं आहे मावशी, वसुलीले नाही."

शेवटचं वाक्य ती घरच्या बोलीत बोलली. तिच्या ओढणीचं टोक चाकात जाऊ नये म्हणून मी हातात धरलं होतं. ते घर येईपर्यंत मी सोडलं नाही.

पुन्हा रिसाली

परत आलो तर भासरेही आले होते, खर्रा खाऊन, तोंड धुऊन, जरा शांत झालेले. पण त्यांनी निकाल लावला. "दुपारची गाडी आहे. तोपर्यंत काय ते सांगा. नाही तर हात जोडून निघतो."

प्रशिकने माझ्याकडे पाहिलं. मी पदराचा काठ पाहिला.

मेश्रामजी आत गेले आणि तीन चकत्या घेऊन आले. "यातली एक विकतो. एकीतच करुणाचे पैसे निघतात, कलकत्त्याचा दुकानदार घ्याले तयार आहे." त्यांनी पहिली हातात घेतली. तिचा कागद कसा फाटलेला आला होता ते सांगितलं आणि ती मांडीवर ठेवली. दुसरी घेतली. तिला पावसाळ्यात कसं दर आठवड्याला हुंगून पाहिलं, बुरशी धरू नये म्हणून कसं अंतरावर ठेवलं, ते सांगितलं. तीही मांडीवर. तिसरी तर त्यांनी उचललीच नाही, नुसता तिच्यावर हात ठेवला.

"आता तिन्ही मांडीवर घेऊन अंगाई म्हना," शीलाबाई म्हणाल्या.

"मले नाही निवडता येत," मेश्रामजी म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मग त्यांना एकदम मी दिसले. "इहीनबाईनं निवडावं! काल तुम्हीच मन लावून पिलं. मी तिन्हीचा चहा करतो. तुम्ही जे दाखवाल ते गेली. शब्द देतो, सगळ्यांसमोर."

भासरे समोर बसलेले. तीन भांडी मांडली, तीनदा पाणी बेडकाच्या डोक्यावर गेलं, आणि तीन कप माझ्यापुढे आले. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

पहिला कप बरा होता, लाकडी पेटीसारखा. दुसरा गोडसर, खारकेच्या पाण्यासारखा. तिसरा तोंडात घेतला आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचा जुना गोठा आला, बंद पडलेला, कोपऱ्यात ओल. मला त्या माणसाची खूप दया आली. इतकं जपलं बिचाऱ्याने, आणि ही नासली, आणि त्याला पत्ताच नाही. कांद्याच्या ढिगात एक नासका असला तर आपण काय करतो? तोच आधी काढतो, म्हणजे बाकीचे वाचतात. दुकानदार भाव पाडेल, पाडू दे. एक हातातून सुटली की दुसरी सोडायची सवय लागेल. मुख्य म्हणजे चांगल्या दोन त्यांच्याकडे राहतील.

मी तिसऱ्या कपाकडे बोट केलं. आणि भासऱ्यांसमोर, कितीतरी वर्षांनी, माझा आवाज निघाला. "हे द्या."

मेश्रामजी पांढरे पडले. करुणाने तोंडावर ओढणी धरली. शीलाबाई माझ्याकडे अशा पाहायला लागल्या की जणू माझ्या अंगात काही संचारलं.

"इहीनबाई," मेश्रामजी हळूच म्हणाले, "एक बार परत पिऊन पाहता का?"

तो गोठा परत तोंडात? मी जोरात मान हलवली, नाही.

"पन हे..."

"पन नाही आन् बिन नाही," भासरे गरजले. ते माझ्या बाजूने बोलतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "तुम्ही सगळ्यांसमोर शब्द दिला. आमच्या घरची बाई सहसा बोलत नाही. आज बोलली. आता इहीनीचा शब्द पाडता का?"

इहीन हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला आणि प्रशिकने माझ्या गुडघ्याला हात लावला. मेश्रामजींनी तिसरी चकती कागदात गुंडाळली, घडीवर घडी घालत, जसं कोणी लेकराला थंडीत बाहेर न्यायला गुंडाळतं.

करुणा म्हणाली, "पैसे हातात आले की मीच फोन करते, बडे पापा."

"कर," भासरे म्हणाले. "पोरगी हिशोबाची आहे. चालेल आपल्याले." मग कंपाउंडवरून जाताना त्यांनी नवी पुडी उचलली आणि मेश्रामजींना म्हणाले, "तुमचं तुम्हाले, आमचं आम्हाले."

परतीची गाडी

राजनांदगाव गेल्यावर प्रशिकला हसू आवरेना. भासरे खिडकीशी डोळे मिटून बसले होते, म्हणून तो माझ्या कानाशी आला.

"आई, तुले कसं समजलं गं?"

"काय?"

"ते तिसरी. सगळ्यात जुनी तेच होती, आत्ताच करुणाचा मेसेज आला. करुणाचे पैसे घेऊन जे आणली, ते. विकाले काढली होती दुसरी. तिसरी तर त्यांनी नुसती इज्जतीसाठी मांडली होती."

"अरे, ते नासलेली होती! सडका वास येत होता!"

"त्या वासाचेच पैसे आहेत, आई."

गोंदिया येईपर्यंत मी तोंडाला पदर लावून बसले. परत जाऊन सांगावं का, की बाबा, मला काही कळत नाही, मी भिडेपोटी पीत होते? प्रशिक म्हणाला, खबरदार. त्या माणसाला चहा समजणारी एकच व्यक्ती भेटली आहे, ती तेवढी तरी त्याच्याकडे राहू दे.

तिरोडा

पुढे कितीतरी दिवस फोन आला नाही. चकती कलकत्त्याला पोचली हे प्रशिककडून कळलं होतं. दुकानदाराने नावं न ठेवता घेतली, पैसेही पाठवले, मेश्रामजींनी बँकेतून काढूनही आणले. आणि तिथेच गाडी अडली. करुणाने विचारलं की ते म्हणत, उद्या देतो. भासऱ्यांनी परत दुसऱ्या स्थळांची नावं काढायला सुरुवात केली.

काल सकाळी करुणाचा व्हिडिओ फोन आला. प्रशिकने मोबाइल डब्याला टेकवून ठेवला, म्हणजे भासऱ्यांना आणि मलाही दिसेल. तिकडे तिघंही बसले होते. मेश्रामजींच्या हातात नोटांची जुडी, सुती कापडात बांधलेली.

"इतके दिवस कुठं ठेवले होते?" शीलाबाईंनी विचारलं.

"रांजणात," मेश्रामजी म्हणाले. "त्या चकतीची जागा रिकामी झाली होती. पाहवत नव्हतं."

त्यांनी कापड सोडलं आणि जुडी करुणाच्या हातात दिली. करुणाने मोजली नाही, नुसती कपाळाला लावली आणि आईकडे दिली. शीलाबाईंनी नोटा नाकाजवळ नेल्या, तोंड वाकडं केलं, आणि बोटाला थुंकी लावून एकेक नोट मोजायला घेतली. तिकडे कोणी हललं नाही, इकडे भासऱ्यांनी खर्रा चघळणं थांबवलं. शेवटची नोट खाली ठेवून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"पुरे आहेत," त्या म्हणाल्या. "सगळे फिटले."